फिट सुंदर, पण पॅरामीटर हाती लागेनात: शैवालवाढीच्या एका मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संशोधन गटाचं हे प्रकरण आहे. नावगाव बाजूला ठेवलंय आणि आकडे हिशोब समजेल इतपत गोल केलेत. गटात मुख्य माणसं तीन: प्रयोग सांभाळणारी संशोधक, मॉडेलचा कोड लिहिणारा पीएचडीचा विद्यार्थी आणि गटप्रमुख मॅडम. पॅरामीटर एस्टिमेशनचं, म्हणजे मॉडेलच्या सूत्रांतले स्थिर आकडे डेटावरून काढायचं काम अडल्यावर त्यांनी मला मदतीला बोलावलं, त्यामुळे पुढचं बरंचसं मी जवळून बघितलंय.

काम साधं वाटावं असंच होतं. क्लोरेला व्हल्गॅरिस हे सूक्ष्म शैवाल, ५ सेंटीमीटर जाडीचा सपाट पॅनेल रिअ‍ॅक्टर, एका बाजूने प्रकाश. या पॅनेलमधल्या डेटावरून मॉडेलचे पॅरामीटर काढायचे आणि ते वापरून दुसऱ्या पॅनेलमध्ये, जिथे प्रकाश दुप्पट आहे, तिथे वाढ किती होईल ते आधीच सांगायचं. माध्यम बीजी-११, ज्यात लिटरमागे १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, म्हणजे साधारण २४७ मिलिग्रॅम नायट्रोजन. यांनी मुद्दाम त्याचा चौथा हिस्सा, ६२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवला, कारण नायट्रोजन मधेच संपायला हवा होता, नायट्रोजनची उपासमार झाली की पेशी स्टार्च आणि चरबी साठवायला लागतात आणि गटाला रस त्यातच होता.

मॉडेल ड्रूपचं. मोनोडच्या मॉडेलमध्ये वाढीचा दर पाण्यातल्या पोषकावर अवलंबून असतो, पण शैवालाचं तसं चालत नाही, पाण्यातला नायट्रेट शून्यावर गेला तरी कल्चर पुढे कित्येक दिवस वाढतच राहतं कारण पेशीच्या आत साठा असतो. ड्रूपने १९६८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व आणि मोनोक्रायसिस या शैवालावर काम करताना हेच मांडलं, की वाढ ठरते ती पेशीतल्या साठ्यावर, ज्याला कोटा म्हणतात. कोटा किमान पातळीला आला की वाढ थांबते. याला प्रकाशाचा भाग जोडला, नायट्रेट आत घेण्याचा भाग जोडला, श्वसनातली घट जोडली, जास्त प्रकाशाने होणारं नुकसान जोडलं आणि एकूण आठ पॅरामीटर झाले: कमाल वाढदर, किमान कोटा, नायट्रेट घेण्याचा कमाल वेग, त्याचा अर्धसंपृक्तता स्थिरांक म्हणजे केएस (ज्या मात्रेला वेग कमालीच्या निम्मा होतो ती), प्रकाशाचा अर्धसंपृक्तता स्थिरांक, प्रकाश शोषून घेण्याचा गुणांक, श्वसनदर आणि फोटोइनहिबिशनचा, म्हणजे त्या जास्त प्रकाशाच्या नुकसानीचा, एक स्थिरांक.

डेटा काय होता? एक बॅच, साधारण दोन आठवडे, रोज एक सॅम्पल, त्यात बायोमास आणि नायट्रेट.

अडचण

फिट, म्हणजे मॉडेलची रेष डेटावर बसवणं, फारच छान आला. बायोमासची रेष ठिपक्यांवरून अलगद जात होती, नायट्रेटचीही, आर-स्क्वेअर ०.९९ (१ म्हणजे अगदी तंतोतंत). विद्यार्थी खूश, आणि का नसावा, प्रेझेंटेशनमध्ये असा ग्राफ लावला की सगळे माना डोलावतात.

मग दुसऱ्या पॅनेलचा अंदाज काढला आणि प्रयोग केला तर मॉडेल सरळसरळ चुकलं. प्रकाश दुप्पट केल्यावर मॉडेलने जेवढी वाढ सांगितली होती त्यापेक्षा कल्चर बरंच मागे राहिलं.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट दिसली. विद्यार्थ्याने सहज म्हणून वेगळ्या स्टार्टिंग व्हॅल्यू देऊन तोच फिट परत चालवला, एरर जवळजवळ तेवढीच आली पण पॅरामीटर भलतेच. केएस एकदा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, एकदा ५, आणि ग्राफ मात्र डोळ्यांना तोच! कमाल वाढदर आणि प्रकाशाचा स्थिरांक हे दोघं हातात हात घालून वर जायचे, हातात हात घालून खाली यायचे. मॅडमचा पहिला प्रश्न होता की यातले खरे कोणते, आणि प्रामाणिक उत्तर असं होतं की या डेटाला ते माहीतच नाही.

कोणते पर्याय होते

विद्यार्थ्याचं म्हणणं होतं की ऑप्टिमायझर, म्हणजे सगळ्यात कमी एरर शोधणारा प्रोग्रॅम, लोकल मिनिमममध्ये, जवळच्याच एखाद्या छोट्या खड्ड्यात, अडकतोय, लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट सोडून डिफरन्शियल इव्होल्यूशनसारखी ग्लोबल पद्धत वापरू. कल्पना वाईट नव्हती आणि आम्ही चालवूनही बघितलं, त्यातून कळलं एवढंच की तळ एकच आहे पण तो खड्डा नसून लांबलचक सपाट दरी आहे. दरीत कुठेही उभं राहिलं तरी उंची तीच. अशा ठिकाणी ऑप्टिमायझर कितीही हुशार असला तरी तो एक बिंदू देणार आणि त्या बिंदूला अर्थ नसणार.

संशोधकाचं मत होतं की काही पॅरामीटर छापील पेपरमधून घेऊ आणि बाकीचे फिट करू. बरेच गट हेच करतात. पण क्लोरेलाच्या प्रकाश स्थिरांकाच्या छापील किमती एकमेकींपासून खूप लांब असतात, कारण कुणी आत येणारा प्रकाश धरतो, कुणी कल्चरमधला सरासरी, कुणाचं तापमान वेगळं, कुणाचे दिवे वेगळे. दुसऱ्याच्या मॉडेलमधून उचललेली किंमत आपल्या मॉडेलमध्ये बसवली की तिची चूक उरलेले पॅरामीटर मुकाट्याने पोटात घेतात आणि फिट परत छानच दिसतो. बेझियन पद्धतीत त्याच किमती प्रायर, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज, म्हणून घालायचा विचारही झाला. तिथेही अडचण तीच, जिथे डेटा गप्प आहे तिथे प्रायरच बोलतो, पोस्टेरियर, म्हणजे डेटा मिसळल्यानंतरचा अंदाज, बघून वाटतं आपण काहीतरी शिकलो आणि खरं तर आपण घातलेलंच परत आलेलं असतं.

तिसरा पर्याय मॉडेल छोटं करायचा. चौथा नवीन प्रयोग करायचा, जो कुणालाच नको होता कारण वेळ जातो.

माझं मत पहिल्यापासून एकच होतं, की आधी प्रत्येक पॅरामीटरला विचारा की या डेटात तू दिसतोस का, आणि मग पर्याय ठरवा. मॅडमनी ते मान्य केलं, इथून प्रकरणाला वळण लागलं.

काय केलं: आधी कागदावर

प्रोफाइल लाइकलिहुड काढले. म्हणजे एक पॅरामीटर धरायचा, त्याला एका किमतीवर बांधायचं, बाकी सगळे परत फिट करायचे, एरर किती वाढली ते लिहायचं, मग पुढची किंमत. लॉग-लाइकलिहुडमधल्या फरकाची दुप्पट ३.८४ च्या वर दोन्ही बाजूंना गेली तर त्या पॅरामीटरला ९५ टक्क्यांची हद्द आहे, सपाट राहिली तर नाही. आठपैकी दोनच नीट कपासारखे आले, किमान कोटा आणि नायट्रेट घेण्याचा वेग. केएस डावीकडे शून्यापर्यंत सपाट. फोटोइनहिबिशन सगळीकडेच सपाट.

का सपाट, ते साध्या हिशोबातून कळतं आणि हा हिशोब मला या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. केएस घ्या. नायट्रेटसाठी शैवालाचा केएस साधारण काही मायक्रोमोलर असतो, समजा लिटरला ०.१ मिलिग्रॅम नायट्रोजन. कल्चर लिटरला १ ग्रॅम असेल आणि एक ग्रॅम पेशी दिवसाला ३० मिलिग्रॅम नायट्रोजन खात असतील, तर ०.१ मिलिग्रॅम संपायला लागतात जेमतेम ५ मिनिटं. म्हणजे दोन आठवड्यांच्या बॅचमध्ये केएसला काही म्हणायचं असतं ते एका अर्ध्या तासाच्या आत, आणि सॅम्पल दिवसातून एकदा. त्या अर्ध्या तासात नेमकं सॅम्पल सापडलं तरी नायट्रेट मोजायच्या पद्धतीला एवढी कमी मात्रा नीट दिसायला हवी. मग केएस ०.०१ असो की ५, ग्राफ तोच दिसणार नाहीतर काय होणार!

प्रकाशाचं तसंच. शोषण गुणांक ०.१५ चौरस मीटर प्रति ग्रॅम धरला तर लिटरला ०.४ ग्रॅम कल्चरमध्येच ५ सेंटीमीटर पलीकडे प्रकाशाचा फक्त ५ टक्के उरतो. ०.१ ग्रॅमपासून सुरू केलेलं कल्चर दिवसाला १ या दराने वाढलं तर ०.४ वर पोचायला दीड दिवसही लागत नाही. म्हणजे विरळ कल्चरची, जिथे पेशी खरोखर भरपूर प्रकाशात वाढतात तिथली, मोजमापं किती? दोन. उरलेली सगळी दाट कल्चरची, आणि तिथे वाढ सरळ रेषेत होते, जिचा उतार फक्त एका गुणोत्तरावर ठरतो, वर कमाल वाढदर आणि खाली प्रकाश स्थिरांक गुणिले शोषण गुणांक. तिन्ही वेगवेगळे काढायचे आणि डेटा देतो फक्त गुणोत्तर. हातात हात घालून फिरत होते ते याचमुळे.

निर्णयाची पहिली जागा: प्रकाशाची सरासरी कशाची

इथे कोड उघडून बघितला तेव्हा दुसऱ्या पॅनेलमधल्या चुकीचं कारणही सापडलं. मॉडेलमध्ये आधी कल्चरमधल्या प्रकाशाची सरासरी काढली होती आणि ती वाढीच्या सूत्रात घातली होती. दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक खोलीवर तिथल्या प्रकाशाने वाढ काढायची आणि मग वाढीची सरासरी घ्यायची. ऐकायला सारखंच वाटतं पण सूत्र वक्र असल्यामुळे दोन्ही वेगळे आहेत. समोरच्या थरातल्या पेशींना आधीच पुरेसा प्रकाश आहे, त्यांना दुप्पट दिला तर त्या दुप्पट वाढत नाहीत, आणि सरासरी प्रकाशवाल्या मॉडेलला हे कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्या पेशी अर्धवट अंधारात बसलेल्या.

आकड्यात बघा. आत येणारा प्रकाश प्रकाश-स्थिरांकाच्या दुप्पट आहे आणि आपण तो आणखी दुप्पट केला. लिटरला १ ग्रॅम कल्चर, वरचाच गुणांक, वरचीच जाडी. सरासरी प्रकाशवालं मॉडेल म्हणतं वाढ १.६५ पट होईल आणि कल्चर दाट होत गेलं की हा आकडा २ कडे सरकतो. थराथराने हिशोब केला तर १.४६. पहिल्या पॅनेलमध्ये दोघांचेही फिट तेवढेच सुंदर येतात, कारण तिथे प्रकाश बदललेलाच नाही. फरक दिसतो तो प्रकाश बदलल्यावर, आणि यांना तर नेमका तोच अंदाज हवा होता.

विद्यार्थ्याला वाटत होतं की दोन्ही ठेवून एआयसीने, म्हणजे फिट आणि पॅरामीटरची संख्या तोलणाऱ्या निकषाने, निवडू. ते त्या डेटावर शक्यच नव्हतं, दोघांचा एआयसी जवळपास सारखा. म्हणून भौतिकशास्त्र बघून थराथराचा हिशोब ठेवला.

निर्णयाची दुसरी जागा: कशासाठी प्रयोग करायचा आणि कशासाठी नाही

शोषण गुणांक फिट करायची गरजच नव्हती. रिअ‍ॅक्टरच्या मागच्या काचेला प्रकाशाचा सेन्सर लावायचा, वेगवेगळ्या दाटपणाला वाचन घ्यायचं, झालं. एका दुपारचं काम, आणि त्या एका कामाने दाट कल्चरची अर्धी गाठ सुटली. जे थेट मोजता येतं ते फिटमधून काढायचा हट्ट का धरतात हे मला अजून कळत नाही.

कमाल वाढदर आणि प्रकाश स्थिरांक सोडवायला विरळ कल्चर लागणार होतं. छोट्या फ्लास्कमध्ये वेगवेगळे प्रकाश, नायट्रेट भरपूर, आणि रोज ताजं माध्यम घालून कल्चर पातळच ठेवायचं, म्हणजे स्वतःची सावली स्वतःवर पडत नाही. काही दिवस असंच चालू द्यायचं, कारण पेशी नव्या प्रकाशाला रुळायला वेळ घेतात. ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर काही मिनिटांत प्रकाशाचा वक्र काढता येतो, संशोधकाला तोच सोपा वाटत होता, पण तो न रुळलेल्या पेशींचा वक्र असतो, आम्हाला वाढीचा हवा होता.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. फ्लास्कमध्ये दिसलेला जास्तीत जास्त दर म्हणजे ड्रूपचा कमाल वाढदर नव्हे. ड्रूपचा दर कोटा अनंत असेल तेव्हाचा, जो कुठल्याच पेशीला गाठता येत नाही. किमान कोटा २.५ टक्के आणि भरल्या पेशीचा १० टक्के असेल तर ड्रूपच्या सूत्रातला कंस, १ वजा किमान कोटा भागिले कोटा, ०.७५ येतो, म्हणजे दिवसाला १ दिसला तर पॅरामीटर १.३३. थेट १ टाकला तर पूर्ण बॅचभर मॉडेल मागे राहतं.

श्वसनासाठी अंधार लागतो. रात्रीची घट मोजायची म्हटलं तर दिवसाला ०.१ या दराने १० तासांत साधारण ४ टक्के बायोमास जातो आणि ड्राय वेटची, म्हणजे वाळवून केलेल्या वजनाची, चूकही तेवढीच, काही हाती लागत नाही. दोन दिवस अंधारात ठेवलं तर घट १८ टक्के दिसावी, पण साठा संपत आला की श्वसनही मंदावतं. शेवटी पूर्ण एक दिवसाचा अंधार ठरला, वजनासाठी फिल्टर जास्त, आणि दिवे बंद केल्याबरोबर ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते जोडीला. हा तडजोडीचा आकडा आहे, पण कुठून आला ते माहीत असलेला.

केएससाठी मात्र प्रयोग केला नाही, यावर बराच वाद झाला. उपाशी पेशींना नायट्रेटचा डोस देऊन दर दोन मिनिटांनी फिल्टर करता आलं असतं. पण उपाशी पेशी सुरुवातीला अधाशासारखा नायट्रेट ओढतात, ती किंमत बॅचमधल्या पेशींना लागू होईलच असं नाही. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या पॅनेलच्या अंदाजाला केएसने काही फरकच पडत नव्हता, शंभरपट बदलला तरी बायोमासची रेष हलत नव्हती. मग ०.१ ला बांधला आणि अहवालात किंमत न लिहिता फक्त वरची हद्द लिहिली. विद्यार्थ्याला वाटलं आपण अपयश कबूल करतोय, मॅडम म्हणाल्या, "अरे, जे दिसलं तेच लिहायचं." मला ते फार आवडलं.

फोटोइनहिबिशनही काढून टाकलं. सगळ्यात प्रखर फ्लास्कमध्येही दर खाली आला नव्हता, आणि दाट कल्चरमध्ये जळतो तो फक्त समोरचा पातळ थर.

मधेच सापडलेला दोष

जुना बायोमास ६८० नॅनोमीटरच्या ओडीवरून, म्हणजे कल्चर त्या रंगाचा प्रकाश किती अडवतं त्यावरून, काढलेला होता आणि ड्राय वेटशी कॅलिब्रेशन एकदाच, हिरव्यागार कल्चरवर. ६८० ला क्लोरोफिल शोषतं. नायट्रेट संपल्यावर पेशी क्लोरोफिल मोडतात, कल्चर पिवळसर होतं, मग तेवढ्याच वजनाला ओडी कमी येते. संशोधकाने शेवटच्या दिवसांची राखून ठेवलेली सॅम्पल १०५ अंशाला वाळवून वजन केली तर बायोमास ओडीने सांगितलेल्यापेक्षा स्पष्ट जास्त. आता बघा, फिटला हे कसं दिसलं असेल: शेवटी वाढ मंदावली, म्हणजे श्वसन जास्त, किंवा किमान कोटा जास्त. म्हणजे जे दोन पॅरामीटर प्रोफाइलमध्ये छान कपासारखे दिसत होते त्यातला एक, किमान कोटा, नीट ठरलेला होता पण चुकीच्या जागी! प्रोफाइल लाइकलिहुड फक्त एवढंच सांगतो की डेटा किती ठामपणे बोलतोय, डेटा खरं बोलतोय का ते त्याला कळत नाही.

यानंतर ओडी ७५० ला घेतली, तिथे क्लोरोफिल जवळजवळ शोषत नाही, आणि नायट्रेट संपण्याआधी नि नंतर वेगवेगळं कॅलिब्रेशन केलं. नायट्रोजनचा ताळेबंदही धरला, पाण्यातून गेलेला आणि पेशीत सापडलेला जुळतोय का. किंचित कमी पडत होता, काचेवर आतून चिकटलेला हिरवा थर खरवडला तेव्हा बराचसा मिळाला.

निकाल

शेवटी बॅच आणि फ्लास्कचा डेटा एकत्र फिट केला, एरर टक्केवारीत असते म्हणून बायोमास लॉगमध्ये घेतला. पाच पॅरामीटर फिट केले, एक थेट मोजला, एक बांधला, एक काढला. पाचही प्रोफाइल दोन्ही बाजूंनी वर गेले, प्रकाश स्थिरांकाची हद्द सगळ्यात रुंद राहिली, श्वसनाची त्याखालोखाल. आर-स्क्वेअर आधीपेक्षा किंचित कमी आला!

दुसऱ्या पॅनेलचा अंदाज परत काढला, या वेळी एक रेष नाही तर पट्टा, पॅरामीटरच्या अनिश्चिततेतून आलेला. नवी बॅच नायट्रेट संपेपर्यंत त्या पट्ट्याच्या आत राहिली. नंतर मात्र खरं कल्चर पट्ट्याच्या थोडं वर गेलं, म्हणजे मॉडेल कमी सांगत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली बॅच लावायच्या आधी मॉडेलमधूनच खोटा डेटा बनवून, त्यात मोजमापाची चूक मिसळून, तोच फिट करून बघितला असता तर केएस आणि प्रकाशाचा गोंधळ संगणकावरच दिसला असता. खर्च काहीच नाही. दुसरं म्हणजे रोज एक सॅम्पल ही सवय आहे, डिझाइन नव्हे. तेवढीच सॅम्पल पहिल्या दोन दिवसांत आणि नायट्रेट संपायच्या आसपास दाटीने घेतली असती तर त्याच बॅचमधून जास्त निघालं असतं, मधले कितीतरी ठिपके एकच सरळ रेष परत परत सांगत होते. दुसऱ्या पॅनेलची चाचणीही शेवटाला ठेवायला नको होती, एक छोटी बॅच आधीच दुप्पट प्रकाशात लावली असती तर सरासरीचा घोळ पहिल्याच आठवड्यात उघडा पडला असता. सलग पद्धतीचा केमोस्टॅट (ताजं माध्यम सतत आत, कल्चर तेवढंच बाहेर) असता तर किमान कोटा आणि वाढदर आणखी स्वच्छ मिळाले असते, पण प्रत्येक स्थिर अवस्थेला इतका वेळ लागतो की या गटाला तो परवडला नसता असं मला वाटतं.

शेवटच्या टप्प्यात मॉडेल कमी का सांगतं याचं कारण बहुतेक शोषण गुणांकातच आहे. तो हिरव्या कल्चरवर मोजला आणि स्थिर धरला, पण क्लोरोफिल घटलं की कल्चर पारदर्शक होतं, आतल्या पेशींना जास्त प्रकाश मिळतो. म्हणून गुणांक कोट्यासोबत बदलू द्यायचं ठरलंय. त्याने एक पॅरामीटर वाढेल, पण तो फिट करायचा नाही, मागच्या काचेवरचा सेन्सर आता पिवळ्या कल्चरवरही वाचन घेतोय.